तू सांगितलंच नव्हतंस

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मुलीपाशी नाही, ज्याच्या शेजारी बसून रोज डबा खातो त्या मित्रापाशीही नाही. बोलायची वेळ आली नाही असं नाही. चांगली चार-पाच वेळा आली, आणि दर वेळी मी घसा खाकरला, पाणी प्यायलो आणि दुसरंच काहीतरी बोललो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसाला सांगायचं म्हणजे सांगताना त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, आणि लोकांच्या तोंडाकडे बघून बघून मी कंटाळलोय. का, ते पुढे येईलच.

मी चौपन्न वर्षांचा आहे. सोलापुरात एका सरकारी कार्यालयात आवक-जावक बघतो — आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या कागदावर नंबर टाकायचा. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बायको महादेवी, माहेर मैंदर्गीचं. मुलगी शिल्पा, लग्न होऊन पुण्याला. आमच्या घरात दोन भाषा चालतात. लाडाला आणि भांडणाला कन्नड, बाकी सगळ्याला मराठी.

शरीराचं म्हणाल तर ते चारचौघांचं उतरतं तसं माझंही उतरत गेलं. बेचाळिसाव्या वर्षी चाळीशी लागली. मग गुडघे बोलायला लागले. मग बीपीची गोळी. दोन दाढा काढल्या, मिशीला काळं लावायला लागलो. यातल्या कशाचीही मला लाज वाटली नाही. उलट ऑफिसात मधल्या सुट्टीत डबे उघडले की आमची चढाओढच लागते — माझी शुगर एवढी, तुझी केवढी, ह्याच्या पाठीचा कुठला मणका सरकला. चष्मा लागला की माणूस जरा शिकलेला दिसतो. पण कान? कान गेला असं डब्यावर बसून कुणी सांगितलेलं मी कधी ऐकलं नाही. आता मी ऐकलं नाही म्हणजे कुणी सांगितलंच नसेल असं कसं म्हणणार? हसा, हरकत नाही.

हो, माझे कान गेलेत. ठार नाही, पण गेलेत. हा माझा गुन्हा नाही. गुन्हा पुढे आहे, पण त्याच्याकडे जायला मला जरा वेळ लागणार.

माझे वडील गिरणीत साचे खात्यात होते. तिथल्या खडखडाटानं पंचेचाळिशीतच त्यांना काही ऐकू येईना. आमची अव्वा, म्हणजे आई, त्यांच्याशी ओरडून बोलायची, त्यामुळे आमच्या घरात भाजी काय झाली इथपासून कोण कुणाशी रुसलंय इथपर्यंत सगळं सगळ्या गल्लीला ठाऊक. पोरं त्यांना 'केप्पा' म्हणायची. कन्नडमध्ये केप्पा म्हणजे बहिरा. ते समोरून आले की पोरं नुसतेच ओठ हलवायची, आवाज न काढता, आणि वडील कानाला हात लावून "आँ? आँ?" करत पुढे झुकायचे. त्या पोरांत कधीमधी मीही असायचो. हे कारण म्हणून सांगत नाही. माझ्या दोन्ही भावांनी हेच बघितलं, आणि त्यातल्या एकानं तरी असं काही केल्याचं मला माहीत नाही.

माझं कधी सुरू झालं ते नेमकं सांगता येत नाही. डोळ्याचं कळतं, पेपर लांब धरावा लागतो. कानाचं कसं कळणार? जे ऐकूच आलं नाही ते राहून गेलं हे कुठून समजणार? कुकरच्या शिट्ट्या आधी गेल्या असाव्यात. महादेवी सांगून जायची, तीन झाल्या की बंद करा. मी समोर पेपर घेऊन बसलेलो, आणि डाळ करपायची. मी म्हणायचो, दोनच झाल्या. मला खरंच तसं वाटायचं.

मग मास्क आले. सगळ्या जगाची तोंडं झाकली गेली, आणि माझ्या टेबलासमोर उभा राहून लोक काय मागतायत ते मला कळेनासं झालं. तेव्हा लख्ख समजलं — इतकी वर्षं मी ऐकत नव्हतो, वाचत होतो. ओठ वाचत होतो. तोवर माझं मलाच माहीत नव्हतं.

मास्क गेले आणि मी पुन्हा बेमालूम झालो. युक्त्या सांगू? मीटिंगमध्ये भिंतीला पाठ लावून बसायचं, म्हणजे मागून कुणी बोलत नाही. सगळे हसले की अर्ध्या सेकंदानं हसायचं. कुणी काही विचारलं तर "तुम्हाला काय वाटतं?" म्हणायचं — याने तर माझी मोठा समजूतदार माणूस म्हणून ख्याती झाली. आणि सगळ्यांत सोपं म्हणजे 'हं'. एक 'हं' म्हटलं की जग पुढे सरकतं. पुरुषांचे जाड आवाज मला बरे ऐकू येत, त्यामुळे ऑफिसात निभावलं.

घरी मात्र बायकोचा आवाज. तो हळूहळू पातळ होत गेला, आणि मी तिला म्हणायला लागलो, पुटपुटू नकोस. नीट तोंड उघडून बोल. हे मी चारचौघांत म्हणायचो. पाहुणे आले की म्हणायचो — हिचं काही कळत नाही बघा, अर्धं बोलते, अर्धं गिळते. लोक हसायचे. तीही हसायची. नंतर नंतर पाहुण्यांसमोर ती बोलायचीच कमी.

आणि दुसरं वाक्य होतं — तू सांगितलंच नव्हतंस. उद्या पाणी येणार, पिण्याचं भरून ठेवा असं ती सांगायची, मी भरायचो नाही, आणि मग म्हणायचो, तू सांगितलंच नव्हतंस. तिच्या मावसबहिणीच्या मुलाचा साखरपुडा असाच हुकला. ती कळवळून म्हणायची, "अवो, सांगितलं की मी! तुमी हं म्हणलाव की!" मी म्हणायचो, मनात सांगितलं असशील. पहिली काही वर्षं मी हे प्रामाणिकपणे म्हणत होतो, आणि त्याबद्दल मला माफ करता येईल असं एखादा म्हणेल. पण मास्कनंतर? मास्कनंतर मला ठाऊक होतं. तरी ते वाक्य मी एकदाही कमी केलं नाही. वाढवलं असेल.

एकदा तिनं विचारलं होतं. जेवताना, माझ्याकडे न बघता ताटात चटणी वाढत — "तुमच्या कानाचं एकदा दाखवायचं का?" नेमकं हे मला स्वच्छ ऐकू आलं. मी ताट सरकवलं आणि उठलो. दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच माफी मागितली. परत तिनं कानाचं नाव काढलं नाही.

महादेवीबद्दल एक सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिचं ध्यान. मैंदर्गीच्या शाळेत कुठल्या बाकावर कोण बसायचं ते ती आजही ओळीनं सांगेल. शिल्पा कॉलेजला गेल्यावर तिनं घरात कडक भाकरीचं काम सुरू केलं. ज्वारीची भाकरी, कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत अशी सुकवायची की पापडासारखी मोडली पाहिजे. सोबत शेंगाची चटणी. मदतीला इरम्मा नावाची एक बाई. दोघी जणी गॅलरीत दुसरा गॅस मांडून बसायच्या आणि कन्नडमध्ये अखंड बोलायच्या, म्हणजे बोलत असाव्यात. कुणाला किती, कुणाला तीळ लावून, कुणाला बिनमिठाच्या — हे सगळं तिच्या डोक्यात. कागदाचा कपटा नाही. आठ वर्षांत एक ऑर्डर चुकली नाही. आपल्या हातानं काहीतरी उभं केलं याचा तिला जो आनंद होता तो मी बघितलाय. संध्याकाळी पीठ झटकत आत यायची तेव्हा तिची चालच वेगळी असायची.

मी अजून मुद्द्यावर येत नाहीये. कळतंय मला.

अक्कलकोटच्या पलीकडचं एक घर तिचं जुनं गिऱ्हाईक होतं. त्यांच्या मुलानं नवीन घर बांधलं, शनिवारी घरभरणी. पाचशे कडक भाकरीची ऑर्डर, एवढी मोठी पहिलीच. दोघी सोमवारपासून लागल्या होत्या. गुरुवारी संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन नुकताच टेकलो होतो आणि तिचा फोन वाजला. तिचे दोन्ही हात पिठात. तिनं मानेनं खूण केली, घ्या की. मी घेतला.

फोनला ओठ नसतात. पलीकडे तेच गृहस्थ होते, कन्नडमध्ये बोलत होते, भरभर, आवाज घोगरा, मागे गलका. मला तुकडे तुकडे मिळाले. शनिवार. भाकरी. घर. आणि शेवटचा शब्द. आता हा शब्द नीट सांगतो, कारण सगळं त्याच्यावर आहे. आमच्याकडच्या कन्नडमध्ये पाहिजेला 'बेक' म्हणतात आणि नकोला 'ब्याड'. ज्याचे कान शाबूत आहेत त्याला या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक ऐकू येतो. माझ्यापर्यंत काय आलं? नुसता 'ब'. पुढचं अक्षर नाही. मी एवढंच म्हणायला हवं होतं की पुन्हा सांगा, किंवा थांबा, हिच्या कानाला लावतो. चार पावलांवर ती बसली होती. पण समोर इरम्मा होती, आणि फोनवर "आँ? आँ?" करणारा माणूस मला व्हायचं नव्हतं. ऑर्डर आहे, म्हणजे बेकच असणार. मी मोकळं हसून म्हणालो, "आयितु, आयितु! लई चांगलं झालं!" आयितु म्हणजे ठीक, झालं. आणि फोन ठेवला. महादेवीनं भुवया उंचावल्या. मी म्हणालो, शनिवारचं पक्कं करत होते.

शनिवारी सकाळी भाकऱ्या खोक्यांत भरून तयार. दहा वाजले, अकरा वाजले, न्यायला कुणी येईना. तिनं फोन लावला, स्पीकरवर, कारण हातात सुतळी होती. मी सोफ्यावर, फोनपासून हातभर. या वेळी मागे गलका नव्हता आणि तो माणूस सावकाश बोलत होता. बुधवारी रात्री त्यांची आई गेली. घरभरणी कुठली? गुरुवारीच फोन करून सांगितलं होतं, भाकरी ब्याड म्हणून. "तुमच्या मालकांना सांगितलं की ओ."

आई गेल्याचं सांगणाऱ्या माणसाला मी काय म्हणालो होतो ते तुम्ही वाचलंत. ते त्यानं तिला सांगितलं नाही. का सांगितलं नाही? सभ्य असेल.

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नुसतंच बघितलं. आणि मी — हे ते. हेच सांगायचं होतं. मी म्हणालो, "तुला लगेच सांगितलं होतं ना मी? नको म्हणतायत म्हणून? तू मान हलवलीस."

किती सहज आलं ते तोंडातून. आवाजही चढवला नाही मी, थोडा समजुतीचाच सूर लावला. ती म्हणाली, "मला?" मी म्हणालो, हो, तुला. तू थापत होतीस. इरम्मा हातातलं फडकं घेऊन उभी होती. गुरुवारी ती तिथेच होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. कामाला येणारी बाई घरच्या मालकाला खोटं कसं पाडणार? महादेवी स्वतःच्या हातांकडे बघत अगदी हळू काहीतरी म्हणाली. ओठांवरून मी वाचलं. "मग मला कसं आठवंना?"

त्या क्षणी मला काय वाटलं असेल? तुम्हाला वाटेल, चर्र झालं असेल. नाही झालं. मी वाट बघत होतो, आत काहीतरी हलेल म्हणून. काही हललं नाही. वाचलो, एवढंच वाटलं, आणि भूक लागलीय हे लक्षात आलं.

पाचशे भाकऱ्या तिनं बिल्डिंगमध्ये वाटल्या, शाळेत दिल्या, रस्त्याच्या कामावरच्या लोकांना दिल्या. मग ती मागे मागे जाऊ लागली. साखरपुड्याचं तेव्हा सांगितलं होतं का नव्हतं? पाण्याचं? माझ्या त्या सगळ्या वर्षांतल्या 'तू सांगितलंच नव्हतंस'ना आता आधार मिळाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्यासी स्वतःच फास गळ्यात घालून घेत होता आणि मी समोर बसून चहा पीत होतो.

तिनं एक वही केली. शंभर पानी, फ्रिजवर ठेवायची. त्यात सगळं लिहायची — गॅस बंद केला, दूध घेतलं, ह्यांना अमुक सांगितलं. जी बाई आठ वर्षं कपटा न वापरता ऑर्डरी घेत होती, ती गॅसजवळ तीन-तीनदा जाऊन कॉक बघायला लागली. महिन्याभरानं तिनं भाकरीचं काम बंद केलं. म्हणाली, माझ्यामुळं कुणाच्या घरचं कार्य बुडायला नको. इरम्मा दारात उभी राहून रडली. "अक्का, तुमी कवा काय इसरलाव ते सांगा की मला! इतकी वर्सं बघायलेय मी, तुमच्यासारखं ध्यान कुणाचं न्हाई." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अण्णा, तुमी तरी सांगा की." तिच्या तोंडाकडे मी बघतच होतो, त्यामुळे शब्द न शब्द कळला. मी म्हणालो, तिला जरा विश्रांतीची गरज आहे.

शिल्पा पुण्याहून आली. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "अप्पा, आई लई घाबरलीय हो. डॉक्टरला दाखवू." गेलो. डॉक्टरांनी महादेवीला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, मग शंभरातून सात-सात वजा करायला लावले, मग ते तीन शब्द विचारले. दोन शब्द सांगितले, तिसरा येईना. दहावीच्या परीक्षेतही ती एवढी घाबरली नसेल. डॉक्टर माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चांगला जाड होता, एकेक शब्द ऐकू आला. घरी विसरतात का? बोललेलं, सांगितलेलं?

इथे अजून एक संधी होती. एकच शब्द पुरला असता.

मी म्हणालो, हो. तीन-चार वर्षं झाली असतील.

त्यांनी ते कागदावर लिहिलं. गोळ्या सुरू झाल्या. काळजीचं काही नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असं ते म्हणाले. जिना उतरताना महादेवीनं माझा दंड धरला. ती आजवर जिन्यात दंड धरणाऱ्यातली नव्हती. स्कूटी चालवायचीही तिनं सोडली.

माझी तपासणी मी नंतर करून घेतली, एकट्यानं, शिल्पाला भेटायला म्हणून पुण्याला गेलो होतो तेव्हा. सोलापुरात कुणीतरी ओळखीचं निघालं असतं. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडच्या मुलीचा हात मशीनवर कधी हलतो ते बघून मी बटण दाबत होतो. थोड्या वेळानं ती आत आली आणि म्हणाली, काका, भिंतीकडे तोंड करून बसा. पन्नाशी उलटलेला माणूस कॉपी करताना पकडला गेला. मग तिनं आलेख दाखवला. स, श, त, क, ट हे सुटतात म्हणाली. बायकांचे आवाज आधी जातात. घरी कुणी बोललं नाही का तुम्हाला इतकी वर्षं? मी म्हणालो, मिसेस जरा पुटपुटतात. तिच्यासमोरही मी हेच म्हणालो.

मशीन घेतलं. दोन्ही कानांसाठी, मण्याएवढं. पहिल्या दिवशी ऑफिसात मला स्वतःच्या चपलांचा आवाज आला. कागद उलटताना आवाज होतो हे मी विसरलो होतो. लोकांना वाटतं मी गाणी ऐकतो. "काय अण्णा, या वयात गाणी व्हय!" म्हणून चिडवतात. मी हसतो, आणि आता वेळेवर हसतो.

आणि संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी स्टँडला लावतो, दोन्ही कानांतून मशीन काढतो, चष्म्याच्या डबीत ठेवतो आणि जिना चढतो. दीड वर्ष झालं. का काढतो? घरात मशीन गेलं तर त्याच्यामागून प्रश्न येणार. कधीपासून? म्हणजे साखरपुड्याच्या वेळी? म्हणजे त्या गुरुवारी? एक धागा ओढला की सगळं विणकाम सुटणार, हे सोलापुरात जन्मलेल्याला सांगावं लागत नाही. म्हणून मला जिथे सगळ्यात जास्त ऐकायला हवं तिथेच मी बहिरा होऊन जातो. वाईट वाटतं का? रोज नाही वाटत. गुडघा दुखतो ते रोज जाणवतं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. बुधवार होता. अंगात कणकण होती म्हणून अर्धी रजा टाकून दुपारी दोनला घरी आलो. डोकं जड होतं, त्यात पार्किंगमध्ये मशीन काढायचं राहिलं. माझ्या किल्लीनं दार उघडलं आणि जागीच थांबलो. स्वयंपाकघरातून महादेवीचा आवाज येत होता. कुणीतरी आलंय वाटलं. कुणी नव्हतं. ती एकटीच बोलत होती.

"दूध तापवलं. झाकलं. गॅस बंद केला, खालचा कॉक पण बंद. आजची गोळी घेतली. शिल्पा रविवारी येणार, ते ह्यांना सांगितलं. सकाळी, चहा देताना. ह्यांनी कप खाली ठेवला, बरं म्हणले. सांगितलं. गॅस बंद केला. शिल्पाचं ह्यांना सांगितलं. सकाळी. बरं म्हणले."

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. पाठ करत होती. मी विचारलं तर उत्तर तयार असावं म्हणून.

तिचा आवाज मी किती वर्षांनी ऐकला सांगता येणार नाही. एक अक्षर गिळलेलं नव्हतं. स ला स होता, क ला क. थोडा बसका, मैंदर्गीचा हेल अजून तसाच. ही बाई आयुष्यात कधी पुटपुटली नव्हती. आणि ती जे म्हणत होती ते सगळं बरोबर होतं. सकाळी चहा देताना तिनं सांगितलं होतं, मी तिच्या ओठांवरून वाचलं होतं, कप खाली ठेवला होता आणि बरं म्हणालो होतो.

मी मशीन काढलं. खिशात टाकलं. दार आत्ताच उघडल्यासारखं जोरात लावलं.

ती हात पुसत बाहेर आली. लवकर आलात म्हणाली, कपाळाला हात लावून बघितला, पाणी दिलं. मग समोर उभी राहिली आणि विचारलं — सांगितलं नाही, विचारलं — "शिल्पा रविवारी येणार म्हणून सकाळी सांगितलं ना मी तुमाला?"

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

नाही, म्हणालो.

तिनं फ्रिजवरची वही काढली. मी मागे उभा होतो, मला दिसत होतं. त्या दिवसाच्या तारखेखाली तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'शिल्पाचं ह्यांना सांगितलं, चहाच्या वेळी.' ती ते वाचत राहिली. एकदा माझ्याकडे बघितलं. मग दोरीला बांधलेलं पेन घेतलं, ती ओळ नीट आडवी रेघ मारून खोडली आणि खाली लिहिलं, 'ह्यांना सांगायचं राहिलं.'